खुर्ची नसलेला वर्ग

रविवार, १२ जानेवारी

निवृत्त बाईला पुन्हा वर्गावर बोलावतात तेव्हा त्या शाळेत काहीतरी नासलेलं असतं. हे मला ठाऊक आहे. तरी मी हो म्हटलं.

काल जेवताना रिचेल, माझी सून, बोलून गेली की त्यांच्या शाळेतल्या चौथी-बच्या टीचर एकाएकी गेल्या. वर्गाला कोणी नाही, जिला रिकामा तास असेल ती बाई जाऊन उभी राहते. ऑस्टिनला तेवढंच हवं होतं. “मम्मी, तू जा ना. दिवसभर टीव्हीशी भांडतेस, तिथे पोरं निदान उत्तर तरी देतील.” माझा नवरा इलायस गेल्यावर मला वसईहून उचलून इथे बहरीनला, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवणारा हाच माझा मुलगा. आता मी घरात फार बोलते म्हणतो.

रिचेल घाईने म्हणाली, “नको, मम्मींना नाही जमणार. फार दगदग आहे.”

मला जमणार नाही! कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्याच कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या हाताखाली शिकवून निवृत्त झाले. ही दुसरीच्या पोरांना ए फॉर ॲपल शिकवून घरी येते आणि सोफ्यावर पाय वर घेऊन पडते. कालही ताटातला तळलेला बोंबील तिने बाजूला सारला. वास नको म्हणे. मालाडच्या ऑर्लेमची मुलगी, आणि हिला बोंबलाचा वास नको!

म्हणून आज गेले; इथे शाळा रविवारी भरते. सुपरवायझर मसूदा मॅडम दापोलीकडची आहे, मराठी छान बोलते. हातात वॉकीटॉकी, पायात कापडी बूट. “कागद मागाहून करू मॅम, तोवर तुम्ही व्हॉलंटियर.” मला वर्ग दाखवला. फळा, स्क्रीन, कोपऱ्यात वर कॅमेरा. टीचरसाठी टेबल आहे, खुर्ची नाही.

“खुर्ची दुरुस्तीला गेलीय का?”

“नाही मॅम. आपल्याकडे कुठल्याच वर्गात नसते. टीचर ॲक्टिव्ह राहतात. सर मोबाइलवर बघतात ना,” तिने डोळ्यांनीच कॅमेरा दाखवला. सर म्हणजे शाळेचे मालक.

खरं सांगायचं तर मला आवडलं. आमच्या मदर सुपिरियर म्हणायच्या, बसलेल्या बाईचा वर्ग झोपलेला असतो. आम्हांला खुर्ची होती. आम्ही बसत नव्हतो, एवढंच.

मंगळवार, १४ जानेवारी

मुलं हुशार आहेत, पण एक खोड विचित्र आहे. वही दाखवायला येतात ती फळ्याच्या डाव्या बाजूने वळसा घालून येतात. उजवीकडे भिंत आणि खिडकी यांच्यामध्ये माणूस उभं राहील एवढी जागा आहे, तिथे कोणी पाय टाकत नाही. आज मी तिथे छत्री टेकवून ठेवली तर मृणाली नावाची एक मुलगी धावत आली. मराठी आहे, पण बोलते इंग्लिशच. “मॅम, नॉट देअर. दॅट्स पूर्णिमा मॅम्स प्लेस.”

पूर्णिमा म्हणजे ती गेलेली टीचर.

मी जवळ जाऊन पाहिलं. भिंतीवर एक डाग आहे. माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, तेलकट, कडा पुसट झालेला. त्याच्या वर आणखी एक लहान डाग, डोकं टेकतं तिथे. ती बाई रोज त्याच जागी टेकून उभी राहत असणार. केसांचं तेल, अंगाचा घाम. मला किळस आली. शिस्तीची बाई भिंतीला टेकत नाही.

“मॅम स्टँड्स देअर,” मृणाली म्हणाली. “उभ्या असायच्या” असं म्हणाली नाही. मी तिला भूतकाळ दुरुस्त करायला लावला. तिने केला, पण बाकावर जाऊन बसताना पुन्हा वळून भिंतीकडे बघितलं.

या वयाच्या मुलांना असली खुळं घरून लागतात. उद्या प्रार्थनेनंतर बोलेन.

गुरुवार, १६ जानेवारी

बोलले नाही. त्राण नव्हतं.

सकाळी गेटवर उभं राहायचं, मग तास, मग मधल्या सुट्टीत जिन्यावर उभं राहायचं, मग तास, मग बस सुटेपर्यंत आवारात उभं राहायचं. टॉयलेटला जायचं तर शेजारच्या टीचरला वर्ग बघायला सांगावं लागतं, आणि ती दोन वर्ग एकदम बघताना कॅमेऱ्यात दिसली तर तिला बोलणी. मग कोणी पाणीच पीत नाही. तिशीतल्या मुली, आणि ओठ सुकलेले. स्टाफरूममध्ये एक लांब बाक आहे, त्यावर वह्यांचे गठ्ठे. या मुलींना मी विचारलं, “तुम्ही बोलत का नाही?” त्या माझ्याकडे बघून हसल्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर हसावं तशा.

हे शिस्तीत बसत नाही. हे मी मसूदाला सांगणार आहे.

आणि आणखी एक. शेवटच्या तासाला मी फळ्यावर भागाकार लिहून बाजूला झाले. मुलं गणित सोडवत होती. वर्ग एकाएकी फार शांत झाला म्हणून मी वर पाहिलं. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी त्या जागेत उभी होते. पाठ भिंतीला लागली होती, डोकंही. कधी टेकले ते मला कळलंच नाही. डागाची उंची माझ्या खांद्याला तंतोतंत जुळत होती.

घरी येऊन आंघोळ केली.

सोमवार, २० जानेवारी

शनिवारी शाळेने भिंत रंगवून घेतली. मीच सांगितलं होतं. काल पांढरीशुभ्र होती, आज दुपारी ऊन आलं तेव्हा डाग पुन्हा वर आला होता. तेल रंगाखालून वर येतं, त्यात चमत्कार काही नाही. तरी मुलांनी सुस्कारा सोडला, जणू कोणी हरवलेलं परत आलं. मृणाली हलकेच म्हणाली, “गुड आफ्टरनून, मॅम.” माझ्याकडे बघून नाही.

रिचेलला विचारलं की ही पूर्णिमा मेली की काय. तिने भांडं जोरात ठेवलं. “मम्मी, असं बोलू नका. गेली नाही ती. रजेवर आहे.” मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. हल्ली रोज सकाळी हेच. पाण्याची नासाडी. नाश्ता करते आणि लगेच तिकडे पळते. ढगळ कुर्ते घालते, केस विंचरायचा कंटाळा. आमच्या मदरनी अशा टीचरला गेटमधून परत पाठवलं असतं.

बुधवार, २२ जानेवारी

आज मसूदाशी नीट बोलले. तिनेच चहा मागवला. जिन्याखालच्या तिच्या खोलीतही खुर्ची नाही, एक उंच टेबल आहे, त्याच्याशी आम्ही दोघी उभ्या.

मी सगळं सुनावलं. पाणी, टॉयलेट, आवारातली ड्युटी. ती प्रत्येक गोष्टीवर “खरंय मॅम” म्हणत होती. फार चांगलं ऐकते. मग म्हणाली, “पण मॅम, आजकालच्या टीचर पण तुमच्यासारख्या नाहीत ना. तुम्ही ह्या वयात उभ्या राहता, त्या लगेच थकतात.”

“ते मला सांगू नकोस,” मी म्हटलं. “माझ्याच घरात आहे एक. आली की सोफ्यावर. पायाखाली उशी. सकाळी खाल्लेलं बाहेर काढते. माशाचा वास नको, फोडणीचा वास नको, नुसती लिंबं चोखते. आणि वय काय तर एकतीस! आम्ही ताप अंगावर काढून शिकवलं.”

मसूदाने कप खाली ठेवला. “कधीपासून होतंय असं, मॅम?”

“नाताळापासून. मी तिला म्हटलंसुद्धा, केक जास्त खाल्लास.”

ती हसली नाही. वॉकीटॉकीवर तिला कोणी हाक मारली, ती गेली. पण जाताना माझा हात दाबला. इतक्या वर्षांनी माझं कोणी पूर्ण ऐकून घेतलं. बरं वाटलं.

मंगळवार, २८ जानेवारी

बोलण्याचा उपयोग होतो. रिचेलला दुसरीवरून काढून तिसऱ्या मजल्यावरचा सहावीचा वर्ग दिला आहे, वर दुपारच्या बसची ड्युटी. थोडं काम अंगावर पडलं की माणूस सरळ होतो.

ती मात्र रडली. ऑस्टिन रात्री तिच्याशी दार लावून बोलत होता. मी दारावर टकटक केलं तर म्हणाला, “काही नाही मम्मी, तू झोप.” या घरात मला काही सांगत नाहीत, आणि मी काही विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात.

शाळेला लिफ्ट नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज मआमीरला जाऊन आले. पूर्णिमाकडे.

पत्ता स्टाफरूममधल्या एकीने दिला, ऑस्टिन-रिचेलने मला जाऊ दिलं नसतं. कुणाला न सांगता टॅक्सी केली. चांगली कानउघाडणी करायची होती. वर्ग अर्ध्यावर टाकून जायचं, मुलांना काही सांगायचं नाही, आणि मुलं भिंतीला नमस्कार करतात, ही कसली रजा? सगळी वाक्यं टॅक्सीत जुळवून ठेवली होती.

गाव सित्राच्या कारखान्यांना लागूनच आहे. खिडकीची काच खाली केली तर घशात काहीतरी आंबट उतरलं. जिना चढून बेल वाजवली. तिच्या नवऱ्याने, कैलासने, दार उघडलं. सावंतवाडीकडचा, एसी दुरुस्तीचं काम करतो. घरात दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या.

“येवा मॅडम, बसा. ती आता बरी आसा,” तो म्हणाला, आणि मग हळू आवाजात, “तिका काय विचारू नकात, हां.”

मी सोफ्यावर बसले. पूर्णिमा आतून आली. मला वाटलं होतं कोणी मोठी, पोक्त बाई असेल. रिचेलच्याच वयाची, बारीक, माझ्या खांद्याएवढी. मग वर्गातला तो डाग माझ्या उंचीचा कसा? “नमस्कार मॅम” म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोकंही टेकलं.

“बस गं,” मी म्हटलं.

“असू दे मॅम.”

कैलासने तिच्यासाठी वेताचा बुटका मोडा पुढे सरकवला. ती बसली नाही. त्याने तो तसाच ठेवला, मला वाटतं रोज ठेवत असावा. मुलांची चौकशी केली तिने, नावानिशी. कोणाला चष्मा लागला का, मृणाली अजून नखं खाते का. माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

तरी मी विचारलंच. मला तोंड आवरत नाही. “तुला झालंय काय?”

कैलास बाहेर गॅलरीत गेला.

ती म्हणाली, “पाचवा महिना होता. ओढणी पुढे घेऊन लपवलं होतं मी. एकदा मात्र स्टूल मागितलं, पाय सुजतात म्हणून. तब्येतीचं असेल तर बिनपगारी रजा घ्या, मसूदा मॅडम म्हणाल्या. रजा घेतली असती तर कारण कळलं असतं.” ती हे वर्गात उत्तर सांगावं तशी सांगत होती, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “शेवटचा तास होता. मी मुलांना म्हटलं, वाचत राहा. ती वाचत राहिली. मी खाली कधी बसले ते त्यांनाच ठाऊक. मृणालीने स्वेटर आणून दिला.”

“अगं, पण लपवायचं कशाला? कायद्याने रजा मिळते इथे.”

“म्हणून तर, मॅम. एप्रिलची कॉन्ट्रॅक्टं फेब्रुवारीत होतात. त्याच्या आत जिचं कळलं तिचं कॉन्ट्रॅक्टच होत नाही. मग रजा द्यायचा प्रश्नच राहत नाही. काढून टाकलं असं कोणी म्हणू शकत नाही. फक्त पुढे बोलावत नाहीत.”

मी उठले. निघताना तिने माझी बाही धरली.

“मॅम, रिचेल बरी आहे ना? तिला जिने चढायला लागत नाहीत ना? तिने मला एकटीलाच सांगितलं होतं. तिला म्हणावं, फेब्रुवारी संपेपर्यंत कोणाच्या लक्षात येऊ देऊ नकोस. मसूदा मॅडमच्या तर मुळीच.”

परतताना टॅक्सीवाला विचारत होता, “मॅडम, तबियत ठीक है?” कारखान्यांच्या चिमण्या मागे गेल्या तरी तो वास कपड्यांत होता. बोंबील, नळ, लिंबं, पायाखालची उशी. मी स्वतः एक मूल जन्माला घातलं आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

मसूदाला मी सांगितलं. दुसऱ्या कोणी नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कालपासून टीचरना एकेक करून ऑफिसात बोलावत आहेत. बाहेर येणारीच्या चेहऱ्यावरून कळतं. आज दुपारपर्यंत रिचेलच्या मजल्यावरच्या सगळ्या जाऊन आल्या. तिला बोलावलं नाही.

मला बोलावलं.

मसूदा होती, एकटीच. “मॅम, सर तुमच्यावर खूश आहेत. एप्रिलपासून तुम्हांला रीतसर घ्यायचं म्हणतात. दुसरीचा वर्ग. सगळे पेपर आम्ही करू.”

दुसरीचा वर्ग. माझ्या सुनेचा.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सिस्टरांनी न शिकवलेले शब्दही त्यात होते. ती ऐकत उभी राहिली, तशीच, चांगलं ऐकते तशी. मग म्हणाली, “मॅम, मला नव्हतं ठाऊक. मी विचारायला आले नव्हते. तुम्हीच सांगितलंत.”

“तू ते वर नेलंस!”

“सरांनी विचारलं, कोणाचं काही आहे का. पूर्णिमाचं मी लपवलं होतं मॅम, स्टूल मागितलं तेव्हाच मला कळलं होतं. काय झालं बघितलंत ना? तेव्हा बोलले असते तर निदान ती घरी गेली असती. ह्या वेळी मी बोलले.” तिचे डोळे कोरडे होते. “आणि माझंही कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीतच होतं. माझी खुर्ची बघितलीत तुम्ही कधी?”

मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली, आणि तिचं म्हणणं कुठे चुकतं ते सापडेना. ते आताही सापडत नाही, आणि म्हणून तिचा जास्त राग येतो.

वळले तर दारात रिचेल. तिला कोणीतरी सांगितलं होतं की सासूला ऑफिसात बोलावलंय. किती वेळ उभी होती कोण जाणे.

घरी येताना गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मी म्हटलं, “मला सांगायला काय झालं होतं तुला? मी परकी आहे?”

“ऑस्टिन सांगणार होता,” ती म्हणाली. “मीच नको म्हटलं. तो म्हणाला होता, मम्मीच्या तोंडात तीळ भिजत नाही.” रागावून नाही, दमलेल्या आवाजात. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला.

“उद्यापासून जाऊ नकोस.”

“महिना पुरा करते. मध्ये सोडलं तर तेच म्हणतील, ती सोडून गेली.”

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुपारी बसच्या ड्युटीवर रिचेलला रक्त दिसलं.

हाशिमने, तिच्या बसच्या ड्रायव्हरने, वर्गात येऊन मला हाक मारली; ती जाते म्हणून मीही गेले होते. रिचेल बसच्या पायरीवर बसली होती आणि ती तिथे बसली म्हणून कोणीतरी तिला उठवत होतं. मी काय ओरडले ते सगळ्या आवाराने ऐकलं. मुलं बसच्या काचांना नाक लावून बघत होती. हाशिम त्याच्या अरबीत म्हणाला, “यल्ला, यल्ला, मामा,” म्हणजे चला, आई, आणि आम्हांला दोघींना स्वतःच्या गाडीत घातलं. बस तशीच सोडून आला. त्याची नोकरी राहील की नाही, परमेश्वर जाणे.

दवाखान्यात तिला आत नेलं. बाहेर खुर्च्यांची रांग होती, गादीच्या, रिकाम्या. एका नर्सने मला दोनदा सांगितलं, बसा. मला बसवेना. भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि रोझरी धरली, पण प्रार्थनेतली रहस्यं आठवेनात, नुसते मणी ओढत राहिले. डोळे मिटले की ते डाग दिसत. आता दोन माणसांचे होते, शेजारी शेजारी.

ऑस्टिन आला. माझ्याकडे न बघता आत गेला.

ठोके आहेत. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवले म्हणे. पण पडून राहायचं, पुढचा पंधरवडाभर काही सांगता येणार नाही. हे मला ऑस्टिनने सांगितलं, एका वाक्यात, लिफ्टमध्ये.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

इथे मिस्सा शुक्रवारी असते, आज गेले नाही. रिचेलच्या खोलीचं दार बंद. पेज करून दाराबाहेर स्टुलावर ठेवली. ऑस्टिन आत घेऊन गेला. आगाशीहून नणंदेचा फोन आला, “काय गो, सगळी बरी हायत ना?” मी म्हटलं, बरी आहेत. ती म्हणाली, “आवाज का असा?” मी म्हटलं, हवा.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी मसूदाचा फोन. चौथी-बला कोणी नाही, येता का. लाज नाही म्हणून करते की इलाज नाही म्हणून, मी विचारलं नाही. साडी नेसले आणि गेले. ऑस्टिन बघतच राहिला. “तू तिथे परत जातेस?”

“मला मुलांना एक सांगायचंय,” मी म्हटलं. “मग मी मोकळी.”

वर्गात गेले. दार लावलं. फळ्यासमोर, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, जमिनीवर बसले. गुडघे असे वाजले की पहिल्या बाकावरच्यांनी ऐकले. मुलांना आधी वाटलं मी पडले. मग एकेक करून सगळी बाकांवरून उतरली आणि भोवती येऊन बसली. खालून वर्ग किती उंच दिसतो.

मी सांगितलं, “पूर्णिमा मॅम मेल्या नाहीत. आजारी होत्या. आता आपल्या गावी सावंतवाडीला जातील. मी त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांना तुमची सगळ्यांची नावं पाठ आहेत. कोणाला चष्मा लागला ते विचारत होत्या.”

दोघंतिघं रडायला लागली. साद नावाच्या मुलाने स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मृणाली माझ्या अगदी जवळ बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. तिने त्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“देन हू इज स्टँडिंग देअर, मॅम?”

मी मान वळवली नाही. बाई आहे मी, मुलांसमोर भित्रेपणा करत नाही. पण मान वळवली नाही. माझ्या उजव्या खांद्यामागे कोणीतरी पाय बदलून उभं राहिलं, दमलेलं माणूस या पायावरून त्या पायावर भार टाकतं तसं. मी लिहिते आहे ते खरं लिहिते आहे.

दार उघडलं. मसूदा. “मॅम, उठा. प्लीज. सर बघतायत.”

“बघू देत. त्यांना सांग, ही बाई आता बसलीय.”

“मॅम, माझ्यासाठी उठा.” वॉकीटॉकी तिच्या हातात बडबडत होती. तिने ती बंद केली. ती वाकली तेव्हा क्षणभर मला वाटलं की ती माझ्याशेजारी बसणार. मुलांनी तिला जागाही केली. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि मला उठायला हात दिला.

तो हात मला घ्यावा लागला. माझ्या गुडघ्यांनी मला एकटीला उठू दिलं नसतं.

मुलांनी गुड बाय म्हटलं, दोनदा. एकदा मला. गेटवर कोणी अडवलं नाही. मी जे केलं त्याने तिथे काही बदललं नाही. खुर्ची आली नाही, येणार नाही. दुपारी दुसरी कोणी बाई त्या वर्गात उभी असेल.

घरी आले. चप्पल काढून पाणी प्यायले. ऑस्टिन कामावर गेला होता. जेवणाची ताटली घेऊन रिचेलच्या दाराशी गेले, स्टुलावर ठेवणार तेवढ्यात आतून आवाज आला.

“मम्मी, दार ढकला.”

पडदे ओढलेले. ती कुशीवर होती, दोन्ही हात पोटाखाली. कोणीतरी शाळेतून फोन केला असणार, कारण ती माझ्या गुडघ्यांकडे बघत होती. साडीला खडूची पांढरी धूळ लागलेली. मी ताटली ठेवली आणि उभी राहिले. सांगण्यासारखं खूप होतं. मसूदाचं, मुलांचं, त्या जागेचं, मआमीरचं. आणि एक गोष्ट त्या सगळ्याच्या आधी सांगायची होती, ती ओठावर होती.

रिचेल भिंतीकडे सरकली. पलंगाच्या कडेला जागा झाली.

“बसा,” ती म्हणाली. “पण बोलू नका.”

मी बसले.